विश्लेषण : जुन्या जीपला दुसरे इंजिन, टू व्हीलची ‘फोर बाय फोर’... हिशेब लोखंडाचा, कायद्याचा आणि खिशाचा

पावसाळ्यात पाणंदीतून बाहेर पडण्यासाठी जुन्या जीपला ताकदवान इंजिन बसवावे किंवा चारही चाके ओढणारी करून घ्यावी, असा विचार राहू परिसरात अनेकांच्या मनात येतो. गॅरेजवाला ‘होऊन जाईल’ म्हणतो. गाडीत ते होतेही. अडते ते आरसी बुकावर, विम्याच्या कागदावर आणि घाटातल्या उतारावर. काम काढण्याआधी काय तपासावे, काय कायदेशीर आहे आणि नियमांत काय बदलायला हवे, याचा हा आढावा.

राहूत हा प्रश्न का पडतो?

दौंड तालुक्यातील राहू बेट हा मुळा-मुठा आणि भीमेच्या पाण्यावर पोसलेला उसाचा पट्टा. काळी जमीन, बारमाही ओलावा, गुऱ्हाळे आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी खचलेले रस्ते. पलीकडे शिरूर तालुक्यातही नदीकाठाला चित्र फारसे वेगळे नाही. पहिला मोठा पाऊस पडला की काळ्या मातीचा चिखल चाकाला असा धरतो, की टायरची नक्षी भरून चाक गुळगुळीत होते. मागच्या दोन चाकांवर चालणारी गाडी मग जागच्या जागी खड्डा करत बसते.

या भागात पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या जीप, कमांडर, ट्रॅक्स, बोलेरो अजून कामावर आहेत. चारा, खताच्या गोण्या, दुधाच्या किटल्या, मजूर अशी सगळी ओढाताण त्या करतात. सांगाडा दणकट, पाटे दणकट, पण इंजिन थकलेले. नवी फोर बाय फोर घ्यायची तर किंमत लाखांत दोन आकडी. म्हणून नजर वळते ती जुन्या गाडीकडे. इंजिन बदलले तर? पुढची चाकेही ओढू लागली तर? प्रश्न हौसेचा नसतो, गरजेचा असतो. म्हणूनच त्याचे उत्तर ‘बेकायदा आहे’ एवढ्यावर संपत नाही आणि ‘सगळेच करतात’ एवढ्यावर तर मुळीच संपत नाही.

इंजिन बदलण्याची पद्धत नवी आहे का?

अजिबात नाही. महिंद्रने विलिस जीपची जोडणी सुरू केली ती १९४७ च्या सुमारास, मुंबईत. या जीपमध्ये पुढे अनेक वर्षे २.२ लिटरचे ‘हरिकेन’ पेट्रोल इंजिन होते. ताकद चांगली, पण पेट्रोल पिण्यात हात धरणारे कोणी नाही. १९७० च्या दशकात तेलाचे भाव भडकल्यावर डिझेलकडे ओढा वाढला. कंपनीनेही पुढे प्यूजोच्या परवान्यावर बनवलेले २,११२ सीसीचे डिझेल इंजिन जीपमध्ये आणले. महाराष्ट्रातल्या गॅरेजांनी तोच धडा गिरवला. पेट्रोल इंजिन उतरवा, डिझेल चढवा. कोणी प्यूजोचे चढवले, कोणी ट्रॅक्टरच्या घराण्यातले डीआय, तर कोणी पुण्यातल्याच बजाज टेम्पोच्या गाड्यांत असलेले, मूळ मर्सिडीजच्या रचनेचे ‘ओएम ६१६’.

मारुती जिप्सीच्या बाबतीतही असेच घडले. १९८५ ची पहिली जिप्सी ९७० सीसीची होती. १९९६ मध्ये १.३ लिटरची ‘किंग’ आली. तिचे आणि एस्टीम मोटारीचे इंजिन एकाच घराण्यातले. त्यामुळे एस्टीमचे इंजिन जिप्सीत बसवण्याची टूम निघाली. तेही सरळ काम नव्हे. एस्टीममध्ये इंजिन आडवे बसते, जिप्सीत लांबीच्या दिशेने. म्हणजे घराणे एक असूनही मॅनिफोल्ड, तेलाची टाकी, पाण्याचे पाइप अशी जुळवाजुळव करावी लागतेच.

कायद्याच्या चौकटीत राहून झालेला सर्वांत मोठा बदल मुंबईत पाहायला मिळाला. १९९० च्या दशकाअखेर शहराच्या हवेचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला, व्ही. एम. लाल समिती नेमली गेली आणि त्यानंतर काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सी मोठ्या संख्येने सीएनजीवर गेल्या. मान्यताप्राप्त किट, ठरलेले केंद्र, आरसीवर नोंद या क्रमाने काम झाले. या टॅक्सींची शेवटची खेप ऑक्टोबर २०२३ अखेर वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून उतरली. जुन्या गाडीत बदल आणि कायदा यांचे वैर नसते, हे या उदाहरणातून दिसते. वैर असते ते नोंद नसलेल्या बदलाशी.

कायदा नेमके काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ हा या विषयाचा गाभा. त्याचा अर्थ सोप्या भाषेत असा की, नोंदणी प्रमाणपत्रावरील तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळे होतील, असा कोणताही बदल मालकाला करता येत नाही. आरसीवर इंजिन क्रमांक, चासी क्रमांक, सिलिंडरची संख्या, सीसी, इंधन हे सगळे असते. २,११२ सीसीच्या जागी २,५०० सीसीचे इंजिन आले, की आरसी आणि गाडी यांची फारकत झाली.

९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रादेशिक परिवहन अधिकारी विरुद्ध के. जयचंद्र’ या केरळमधून आलेल्या प्रकरणात हाच अर्थ पक्का केला. न्या. अरुण मिश्रा आणि न्या. विनीत सरन यांच्या पीठाने सांगितले, की राज्याचे नियम काहीही असोत, मूळ कायद्यातील ही बंदी त्यांच्या वर आहे. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२अ आले. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द महत्त्वाचे. इंजिन, पुढचा एक्सल, ट्रान्सफर केस, टायर हे चार बदल चार वेळा मोजले जाऊ शकतात.

मग काय काय करता येते?

कायद्याने दारे पूर्ण बंद केलेली नाहीत. आज प्रामुख्याने तीन वाटा खुल्या आहेत.

पहिली वाट म्हणजे त्याच कंपनीचे, त्याच प्रकारचे इंजिन. ब्लॉक फुटला, क्रँक तुटला तर तसेच दुसरे इंजिन बसवता येते. मात्र त्यासाठी परिवहन कार्यालयाची मंजुरी आणि आरसीवर नव्या इंजिन क्रमांकाची नोंद हवी. बदल कळवण्यासाठी कलम ५२ मध्ये १४ दिवसांची मुदत दिली आहे. तरी शहाणपण ‘आधी परवानगी, मग पाना’ यातच आहे. दौंड तालुक्यासाठी हे काम बारामतीच्या कार्यालयात, म्हणजे एमएच-४२ मध्ये होते. भंगार बाजारातून इंजिन घेताना त्याच्या क्रमांकासह पक्की पावती आणि ज्या गाडीतून ते निघाले तिचे कागद मागावेत. चोरीच्या गाडीचे इंजिन निघाले तर दंडापुरते थांबत नाही, पोलीस दारात येतात.

दुसरी वाट इंधनबदलाची. पेट्रोल गाडीला सीएनजी किंवा एलपीजी किट बसवणे कलम ५२ मध्येच मान्य आहे. ऑगस्ट २०२२ च्या अधिसूचनेने साडेतीन टनांखालील बीएस-६ गाड्यांत डिझेल इंजिनाच्या जागी सीएनजी किंवा एलपीजी इंजिन बसवण्यालाही वाट दिली. अट अशी, की किटला चाचणी संस्थेची मान्यता हवी. ही मान्यता तीन वर्षांची असते आणि ती ठरावीक प्रकारच्या वाहनांपुरती असते. म्हणजे ‘किट मान्यताप्राप्त आहे का’ हा अर्धा प्रश्न झाला. ‘माझ्या गाडीसाठी मान्यताप्राप्त आहे का’ हा पूर्ण प्रश्न.

तिसरी वाट विजेची. इंजिन काढून मोटर आणि बॅटरी बसवण्यासाठी ‘एआयएस-१२३’ हे मानक आहे. येथेही किटला मान्यता आणि बसवणाऱ्याला अधिकार हवा. शेतावरच्या जीपसाठी ही वाट सध्या महागच आहे.

या तीन वाटांबाहेरचे म्हणजे जीपला दुसऱ्या कंपनीचे इंजिन किंवा टू व्हीलची फोर व्हील. वैयक्तिक मालकासाठी ते आज मंजुरीच्या चौकटीत बसत नाही. एखाद्या गॅरेजवाल्याने ‘पासिंग करून देतो’ म्हटले, तर तो नेमकी कशावर कोणती नोंद करून आणणार आहे, हे लेखी विचारावे. उत्तर बहुधा तिथेच संपते.

इंजिन बदलताना नेमके काय काय बदलते?

‘माउंटिंग बसले की झाले’ हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. इंजिन हा एकटा भाग नाही, ती एक साखळी आहे.

गिअरबॉक्सशी जोडणारी प्लेट लेथवर बनवून मिळते. पण इंजिनाचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य केसभर जरी सरकला, तरी क्लच थरथरतो आणि शाफ्टचे बेअरिंग लवकर जाते. पेट्रोलच्या जागी डिझेल आले की पुढचे वजन वाढते, पुढचे पाटे बसतात आणि स्टिअरिंग जड होते. रेडिएटर लहान पडतो. उन्हाळ्यात भरल्या गाडीने चढ चढताना ते कळते. पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमधून ब्रेक बूस्टरला व्हॅक्युम मिळतो. डिझेल इंजिनाला त्यासाठी वेगळा पंप लागतो. तो विसरला तर पेडल दगडासारखे होते.

नवे कॉमन रेल डिझेल इंजिन घ्यायचे तर बाब आणखी वाढते. त्याचा मेंदू म्हणजे ईसीयू, त्याचे सगळे सेन्सर, पूर्ण वायरिंग, किल्लीची चोरीरोधक यंत्रणा, इंटरकूलर, डिझेलची परतीची लाइन हे सारे एकाच दात्या गाडीतून यावे लागते. नुसते ‘हाफ इंजिन’ आणून उपयोग नसतो. आणि रानात सेन्सरची वायर उंदराने कुरतडली, तर राहू-केडगावच्या गॅरेजमध्ये तिचा दोष शोधणारे स्कॅनर यंत्र आहे का, हेही आधी पाहायला हवे.

त्यानंतर येतो दात्यांचा हिशेब. जुन्या विलिस पठडीच्या जीपच्या एक्सलचे गुणोत्तर ५.३८ असते. टायरचा घेर २.२ मीटर धरला, तर ताशी ८० किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे ६०६ फेरे घेते आणि टॉप गिअरमध्ये इंजिन सुमारे ३,२६० फेरे. पेट्रोल इंजिनाला हे जमते. ट्रॅक्टरच्या घराण्यातल्या डिझेल इंजिनाची धाव मात्र तिथेच संपत आलेली असते. म्हणजे इंजिन बदलले, पण एक्सलचे दाते तेच ठेवले, तर गाडी पुणे-सोलापूर महामार्गावर किंचाळत चालणार.

ताकद वाढली की तुटते काय?

समजा जुने इंजिन १२० न्यूटन-मीटर पीळ देते. पहिला गिअर ३.५, ट्रान्सफर केसचा लो गिअर २.४६ आणि एक्सल ५.३८. तिन्ही गुणले की सुमारे ४६ पट. म्हणजे चाकांपर्यंत जवळपास ५,५५० न्यूटन-मीटर. आता २५० न्यूटन-मीटरचे नवे इंजिन बसवले, तर हाच आकडा ११,५०० च्या पुढे जातो. एक्सलचा शाफ्ट, क्रॉस जॉइंट, क्राउन-पिनियन मात्र जुन्या आकड्यासाठी बनलेले.

चिखलात चाक आधी घसरते, म्हणून काही तुटत नाही आणि मालकाला वाटते, सगळे ठीक आहे. तुटते ते चिखलातून सुटून एक चाक अचानक दगडावर पकड घेते त्या क्षणी. म्हणून इंजिनाची निवड करताना ‘जास्तीत जास्त किती’ असे न विचारता, गाडीत असलेला सर्वांत कमजोर भाग किती सोसेल, असे विचारावे.

टू व्हीलची फोर व्हील : घोडे कुठे पेंड खाते?

फोर बाय फोर म्हणजे पुढे एक जादा शाफ्ट नव्हे. गिअरबॉक्सनंतर ट्रान्सफर केस लागते. ती पुढे आणि मागे अशी दोन्हीकडे ताकद वाटते. पुढचा साधा बीम किंवा स्वतंत्र सस्पेन्शन काढून ओढणारा एक्सल बसवावा लागतो. कमांडर, मेजरसारख्या पुढेही पाटे असलेल्या गाड्यांत ते तुलनेने सोपे असते. पुढे कॉइल स्प्रिंग आणि स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाडीत सांगाड्यालाच कापाकापी करावी लागते आणि तिथून धोका सुरू होतो.

पुढच्या एक्सलचा गोळा ज्या बाजूला, त्याच बाजूला ट्रान्सफर केसचे पुढचे तोंड हवे. नाही तर शाफ्ट तिरका जातो आणि क्रॉस जॉइंट महिन्यात खडखडतो. पाटे दबले की एक्सल वर येतो. तेव्हा तो इंजिनाच्या तेलाच्या टाकीवर आपटणार नाही एवढी जागा हवी. गाडी उंच केली की शाफ्टचे कोन बिघडतात आणि वळणावरचा तोलही.

सर्वांत मोठी चूक होते ती पुढच्या आणि मागच्या दात्यांत. मागचा एक्सल ४.२७ चा आणि भंगारातून आणलेला पुढचा ४.८८ चा असेल तर? ताशी ६० किलोमीटरला मागचा शाफ्ट मिनिटाला सुमारे १,९४० फेरे मागतो आणि पुढचा सुमारे २,२२० फेरे. ट्रान्सफर केसने दोघांना एकत्र बांधलेले. मिनिटाला २७५ हून अधिक फेऱ्यांचा हा तंटा कुठे तरी मिटायचाच. चिखलात चाक घसरून मिटतो, डांबरावर केसच्या दात्यांत मिटतो. म्हणून एक्सल घेण्याआधी चाक एक फेरा फिरवून शाफ्टचे फेरे मोजावेत. हे काम दहा मिनिटांचे आहे आणि ट्रान्सफर केस वाचवणारे आहे.

दाते जुळले तरीही साध्या, मधला डिफरन्शियल नसलेल्या फोर बाय फोरमध्ये कोरड्या डांबरावर पुढचा एक्सल जोडून गाडी चालवू नये. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचे अंतर कापतात आणि तो फरक निघायला जागा नसते.

मारुती ८००, अल्टो, स्विफ्ट अशा पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारींचे काय? त्यांचे इंजिन आडवे, तळ एकसंध पत्र्याचा आणि मागे शाफ्ट न्यायला वाटच नाही. तिथे हा विचार सोडून द्यावा, हेच बरे.

ब्रेक कोण बदलणार?

इंजिनाच्या चर्चेत ब्रेकचे नाव शेवटी येते, ते पहिले यायला हवे. दीड टनाची गाडी ताशी ६० वरून थांबवायला ब्रेकना जेवढी ऊर्जा जिरवावी लागते, त्याच्या जवळपास पावणेतीन पट ताशी १०० वरून थांबवायला लागते. वेग पावणेदोन पटही वाढलेला नसतो, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. चारही चाकांना ड्रम असलेली जुनी जीप ६० साठीच बनलेली. तिला १०० गाठणारे इंजिन दिले, पण थांबण्याची सोय दिली नाही, तर धोका मालकापुरता राहत नाही. समोरून उसाची ट्रॉली येत असते, कडेने शाळेची मुले चालत असतात.

विमा आणि पासिंग कुठे अडते?

तिऱ्हाइताचा विमा सक्तीचा आहे. पण अपघात झाला आणि सर्वेक्षणात आरसीवरचे इंजिन एक, गाडीतले दुसरे असे निघाले, तर विमा कंपनी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते. तिऱ्हाइताला दिलेली भरपाई मालकाकडून वसूल करण्याचा प्रयत्नही होऊ शकतो. इंजिनावर वाचवलेले पैसे एका अपघातात जमिनीच्या तुकड्यावर येऊ शकतात.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी हे शुल्क ६०० रुपयांवरून ५ हजारांवर गेले. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने २० वर्षांपुढच्या मोटारींसाठी ते १० हजार झाले. त्यावर पर्यावरण कर वेगळा. या तपासणीत निरीक्षक चासी आणि इंजिन क्रमांक पाहतो. बदल नोंदलेला नसेल, तर गाडी तिथेच थांबते.

खूप जुनी विलिस घरात असलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट. जुलै २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरील गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते. अट अशी, की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा. आजोबांच्या जीपचे हरिकेन इंजिन भंगारात घालून डिझेल चढवले, की हा हक्क कायमचा गेला. बंद पडलेले असले तरी मूळ इंजिन विकू नये.

काम काढण्याआधी कोणता क्रम ठेवावा?

आधी गरज लिहून काढावी. वर्षातले किती दिवस गाडी अडकते? रस्त्याच्या कोणत्या टप्प्यात? अनेकदा उत्तर निघते की अडचण पन्नास पावलांच्या पाणंदीची आहे आणि वर्षातून महिनाभराची. तिथे मूळ मापाचे, खोल नक्षीचे चांगले टायर, चिखलात हवा थोडी कमी करण्याची सवय आणि सोबत एक मजबूत दोर एवढ्यावर काम भागते. पाणंदीवर मुरूम पडावा म्हणून ग्रामपंचायतीत राज्याच्या शेत-पाणंद रस्ते योजनेचा पाठपुरावा करणे, हा तर सगळ्या गल्लीच्या गाड्या एकदम ‘फोर बाय फोर’ करण्याचा उपाय.

त्यानंतर मूळ इंजिनाचे मोजमाप करावे. कॉम्प्रेशन किती, तेल किती पिते, पंप-नोझल कसे आहेत. ‘इंजिन गेले’ म्हणून आलेल्या गाडीत कधी नुसते नोझल आणि व्हॉल्व्ह गेलेले असतात. बोअर, लायनर, पिस्टन-रिंग, क्रँक ग्राइंड एवढे काम करून मूळ इंजिन पुन्हा उभे राहत असेल, तर कायद्याला काही सांगावे लागत नाही. इंजिन क्रमांक तोच राहतो.

तरीही फोर बाय फोर हवीच असेल, तर जन्मजात फोर बाय फोर असलेली, तशी नोंद असलेली जुनी गाडी शोधावी. आपली गाडी विकून वरचे पैसे घालण्याचा आकडा आणि ट्रान्सफर केस, एक्सल, शाफ्ट, लेथकाम, मजुरी यांचा आकडा एका कागदावर शेजारी शेजारी लिहावा. या दुसऱ्या आकड्यात आणखी एक ओळ घालावी : विकताना अशा गाडीला कागदोपत्री किंमत नाही.

इतर देश हे कसे हाताळतात?

ऑस्ट्रेलियात हलक्या वाहनांतील बदलांसाठी राष्ट्रीय संहिता आहे. कोणत्या वजनाच्या गाडीत किती मोठे इंजिन चालेल, ते बदलले तर ब्रेक कोणते हवेत, हे तीत लिहिलेले असते. मान्यताप्राप्त अभियंता गाडी तपासतो, प्रमाणपत्र देतो, मग नोंद होते. ब्रिटनमध्ये अनेक वर्षे गुणांची पद्धत वापरली गेली. चासीला ५ गुण, सस्पेन्शन, एक्सल, गिअर यंत्रणा आणि स्टिअरिंगला प्रत्येकी २, इंजिनाला १. मूळ भागांचे ८ गुण राहिले, तर गाडीची ओळख कायम. गंमत म्हणजे या हिशेबात इंजिनाचे वजन सर्वांत कमी. गाडीची सुरक्षितता सांगाड्यात, एक्सलमध्ये, स्टिअरिंगमध्ये असते, हे त्यामागचे भान.

मग आपल्याकडे काय व्हायला हवे?

बंदीमागचे कारण खोटे नाही. आपल्या रस्त्यांवर मनाला येईल तसे वेल्डिंग केलेल्या गाड्या धावू देणे म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळ. पण आजची स्थिती अशी, की सुरक्षितपणे, हिशेब करून बदल करू पाहणारा आणि रात्रीत चासी कापणारा या दोघांना कायदा एकाच रांगेत उभे करतो. परिणामी पहिला गप्प बसतो आणि दुसरा पासिंगच्या दिवशी जुने इंजिन परत चढवून आणतो. नोंद नसलेला बदल कोणी तपासत नाही. म्हणजे ज्या धोक्यासाठी बंदी घातली, तो धोका बंदीमुळेच डोळ्याआड जातो.

दुरुस्तीसाठी नवा कायदाही लागणार नाही. कलम ५२ मध्येच केंद्र सरकारला विशिष्ट हेतूसाठी वेगळ्या प्रकारच्या बदलाला सूट देण्याचा अधिकार आहे. शेतीकामाच्या जुन्या वाहनांसाठी तो मर्यादित स्वरूपात वापरता येईल. एकाच उत्पादकाच्या, त्याच मॉडेलमध्ये कारखान्यातून मिळत असलेल्या इंजिन-एक्सलच्या जोड्यांपासून सुरुवात करावी. जी जीप कंपनी स्वतः टू व्हील आणि फोर व्हील अशा दोन्ही रूपांत विकत होती, तिला कंपनीचेच भाग बसवून, तपासून घेऊन रूप बदलू देण्यात धोका कमी आहे आणि तपासणी सोपी.

तपासणार कोण, हा प्रश्न पुणे जिल्ह्याला तरी पडू नये. वाहनचाचणीची देशातील आघाडीची संस्था ‘एआरएआय’ पुण्यात वेताळ टेकडीवर आहे, ‘सीआयआरटी’ भोसरीत, तर लष्करी वाहनांची ‘व्हीआरडीई’ शेजारच्या अहिल्यानगरात. आज या संस्थांची दारे प्रामुख्याने उत्पादकांसाठी आणि किट बनवणाऱ्यांसाठी उघडतात. एकट्या गाडीची चाचणी घ्यायची तर ती तालुक्याच्या पातळीवर, प्रमाणित अभियंत्याकडून, परवडेल अशा शुल्कात व्हायला हवी. ब्रेकचे अंतर, एक्सलचे गुणोत्तर, वेल्डिंगचे सांधे, धूर या चार गोष्टी मोजायला प्रयोगशाळा लागत नाही.

तोवर राहूच्या जीपमालकासाठी व्यवहार्य सल्ला एवढाच, की मूळ इंजिन नीट बांधून घ्यावे, टायर चांगले ठेवावेत, बदल करायचाच तर त्याच प्रकारचे इंजिन पावतीसह घ्यावे आणि बारामतीला जाऊन आरसीवर चढवावे. चिखलात रुतलेली गाडी शेजारचा ट्रॅक्टर ओढून काढतो. कागदात रुतलेली गाडी काढायला मात्र कोणाचाच ट्रॅक्टर येत नाही.